सरांच्या शेजारची खुर्ची

गोपाळसरांनी पंच्याहत्तरी पूर्ण केली तेव्हा स्वतःचा सत्कार स्वतःच ठरवला. तसं कुणी तोंडावर म्हणत नव्हतं. पत्रिकेवर ‘माजी विद्यार्थी आणि स्नेही परिवार’ असं छापलं होतं. पण पेणमध्ये सगळ्यांना माहीत होतं की हॉल त्यांनीच ठरवला, वक्ते त्यांनीच निवडले आणि ‘ऋषितुल्य’ या शब्दातला ऋ नीट उमटला नाही म्हणून छापखान्यात दोन खेपाही त्यांनीच घातल्या.

सत्काराला जोडून त्यांच्या पुस्तकाचं प्रकाशन होतं. पहाटे उठा, मोजकं जेवा, मीठ कमी खा, कुणावर रागावू नका, चिंता सोडा, म्हणजे माणूस आजारी पडत नाही, असं त्यात पावणेदोनशे पानं लिहिलं होतं. ज्या घराण्याने तीन पिढ्या मिठावर काढल्या त्यातल्या माणसाने लोकांना मीठ कमी खायला सांगावं, याचं मला हसूही आलं नाही.

माझे बाबा काळुराम त्याच घराण्याच्या मिठागरात राबले. मी नमिता, त्यांची मोठी मुलगी. रोह्याला एका केमिकल कंपनीच्या दवाखान्यात नर्स आहे आणि तिथेच राहते. आई-बाबा आणि धाकटा भाऊ विशाल अजून खाडीकडेच्या गावात राहतात. पेणहून रिक्षाने अर्धा तास लागतो.

जानेवारीतल्या एका रविवारी मी घरी गेले असताना सर स्वतः गाडी घेऊन आले. बरोबर पत्रिका, पेढ्यांचा पुडा आणि एक कल्पना होती.

“काळू, आपण दोघं एका वर्षाचे,” ते म्हणाले. “तू मंचावर माझ्या शेजारी बसायचंस.”

बाबांना नीट ऐकू आलं की नाही ते कळेना. “मी? मी तितं काय करू सर?”

“काही करायचं नाही. नुसतं बसायचं. ही तुझी नमिता नर्स आहे ना? ती आपल्या दोघांचं ब्लडप्रेशर लोकांसमोर मोजेल. एकाच वयाचे दोघं. एकाने शरीर सांभाळलं, एकाने नाही सांभाळलं. भाषणं ऐकून लोकांना जे कळत नाही ते दोन आकडे बघून कळतं.”

हे ते बाबांच्या समोर बोलत होते, बाबांच्याच ओट्यावर बसून. बाजारात गिऱ्हाइकाला दोन वांगी दाखवावीत, हे चांगलं आणि हे किडकं, तसा त्यांचा स्वर होता. आवाजात वाईटपणा औषधालाही नव्हता. तो असता तर भांडता तरी आलं असतं.

मी म्हटलं, “सर, बाबांना मंचावर चढवत नाही.”

“दोन मुलं देतो ना धरायला,” सर म्हणाले. “आणि लहानपणी आम्ही सारखेच होतो गं. बांधावरून एकत्र पळायचो. मी पुस्तकात लिहिलंय तसं. नंतर ज्याने त्याने आपापली वाट निवडली.”

लहानपणी दोघं सारखे होते म्हणे. माझी आजी, पुतळी, बाबा पोटात असताना नववा महिना लागला तरी डोक्यावर मिठाची टोपली वाहत होती. बांधावर कळा सुरू झाल्या, घरी येऊन बाळंत झाली आणि अकराव्या दिवशी परत टोपलीला लागली. मूल एवढंसं होतं, ते जगेल असं कुणालाच वाटत नव्हतं. गोपाळसरांची आई त्याच वर्षी पेणच्या घरात सातव्या महिन्यापासून खाटेवर होती आणि तिला दूध-तूप देण्यासाठी वेगळी बाई ठेवली होती. ती बाई म्हणजे पुतळीची सख्खी जाऊ. म्हणजे शर्यत सुरू झाली तेव्हाच एक जण अर्ध्या वाटेवर उभा होता, आणि आता तोच विचारत होता की दुसरा मागे का राहिला.

पुढचं सांगायला नको, पण सांगते. बाबा नवव्या वर्षी मीठ ओढायला लागले. सर दिवाळीच्या सुट्टीत छत्री घेऊन मिठागर बघायला यायचे. बाबा दुसरीतून उठले, सर पुण्याला कॉलेजात गेले. उन्हात पांढऱ्या मिठाकडे बघून बघून बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मांस वाढलं. खाऱ्या पाण्यात उभं राहून पायाच्या भेगा कधी मिटल्या नाहीत. दुपारी पोटात काही नसायचं, तेव्हा तंबाखूची चिमूट धरायचे, भूक मरायची. या वर्षी बांध टिकेल का, मुकादम उद्या कामावर घेईल का, पाऊस लांबला तर काय, ही काळजी त्यांनी पन्नास वर्षं रोज केली. त्या काळजीला सरांच्या पुस्तकात ‘चिंता करण्याची सवय’ असा शब्द आहे. पंचेचाळिसाव्या वर्षी बाबा बांधावर चक्कर येऊन पडले तेव्हा पहिल्यांदा कळलं की प्रेशर आहे. किती वर्षांपासून होतं कोण जाणे.

मी नाही म्हणणार होते. पण बाबाच बोलले, “येईन सर.”

सर गेल्यावर मी चिडले. आई, धोंडुबाई, चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, “जाऊ दे गो. त्याला जायचं हाय.”

“कशाला पण?”

बाबांनी पत्रिकेवरून बोट फिरवलं. त्यांना अक्षरं दिसत नाहीत, पण कागद गुळगुळीत आहे हे कळत होतं. “सत्तर वरसांत मला कुनी सांगितलं नाय, इतं बस म्हनून,” ते म्हणाले. “बसून तरी बघतो.”



कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी घरीच त्यांचं प्रेशर घेतलं. पांढरा सदरा घालून ते खाटेवर बसले होते आणि आईशी कोंबडीच्या खुराड्याच्या कडीवरून वाद घालत होते. एकशे बेचाळीस, खाली शहाऐंशी. गोळी चालू असलेल्या त्यांच्या वयाच्या माणसाला हे चांगलंच म्हणायचं. मी माझ्या वहीत तारीख, वेळ घालून लिहिलं. ही माझी सवय आहे.

हॉल भरला होता. माजी विद्यार्थी, त्यांच्या बायका, बँकेतून निवृत्त झालेले, शाळेतून निवृत्त झालेले. सगळे सकाळी फिरायला जाणारे आणि फिरून आल्यावर दुसऱ्यांना फिरायला सांगणारे. पहिल्या रांगेत सरांच्या पत्नी वत्सलाकाकू मोतिया रंगाची साडी नेसून बसल्या होत्या. मंचावर गादीच्या चार खुर्च्या होत्या. बाबांसाठी पाचवी आणली ती प्लास्टिकची, आणि ती सरांच्या अगदी शेजारी ठेवली. बाबा तिच्या कडेवर बसले, पाठ टेकली नाही. हात गुडघ्यांवर, बोटं आत वळवलेली, नखं दिसू नयेत म्हणून.

तीन भाषणं झाली. मग सर उठले. त्यांचा आवाज अजून वर्गातल्यासारखा आहे. ते म्हणाले, आरोग्य ही निवड असते. गरिबी-श्रीमंतीचा तिच्याशी संबंध नाही, उलट गरिबाला साधं जेवण आणि कष्ट फुकट मिळतात. लोकांनी माना हलवल्या. फुकट मिळणाऱ्या कष्टांची गोष्ट गादीच्या खुर्चीवरून सांगितली की फार पटते.

“आता प्रात्यक्षिक,” ते म्हणाले आणि मला बोलावलं.

आधी त्यांचं घेतलं. एकशे सव्वीस, अठ्ठ्याहत्तर. मी आकडा सांगितला, टाळ्या झाल्या. ते अशा टाळ्या घेत होते की जणू रक्त त्यांनी स्वतः हातपंपाने फिरवलं होतं.

मग बाबांच्या दंडाला पट्टा बांधला. दंड केवढासा उरलाय. माझ्या बोटांखाली त्यांची नाडी पळत होती. सरांनी प्रेमाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तशी ती आणखी पळाली. मशीनने आकडा दाखवला, माझा विश्वास बसला नाही, म्हणून पाच मिनिटं थांबून परत घेतलं. तोपर्यंत सगळा हॉल बाबांकडे बघत होता.

एकशे ब्याऐंशी, एकशे चार.

सरांनी माझ्या खांद्यावरून वाचलं आणि माइकमध्ये सांगितलं. लोकांनी ‘अरेरे’ केलं. “पाहिलंत?” सर म्हणाले. “एकच वय, एकच हवा, एकच पाणी. फरक कशाचा? सवयींचा. तंबाखू, मीठ, वेळेवर न झोपणं. काळूला मी दोष देत नाही. त्याला कुणी सांगितलं नाही. म्हणून तर हे पुस्तक.”

माइक त्यांनी मला दिला, आभाराचे दोन शब्द बोलावेत म्हणून. मी वही काढली.

“आज सकाळी नऊ वाजता घरी बाबांचं प्रेशर एकशे बेचाळीस होतं,” मी म्हटलं. “तंबाखू तीच, मीठ तेच, झोप तीच. तीन तासांत चाळीसने वाढलं. या तीन तासांत एकच नवी गोष्ट झाली. त्यांना तुमच्या शेजारी बसवलं आणि किडलेला माणूस म्हणून दाखवलं. हे तर तीन तासच. आयुष्यभर असं बसवलं तर काय होतं, ते तुमच्यासमोर बसलंय.”

 सरांच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं, फक्त त्याचं काय करायचं ते त्यांना कळेना.

त्यांना सोडवलं ते बाबांनी. त्यांनी माझ्या हातातला माइक धरला, जरा उलटाच धरला, आणि म्हणाले, “पोरीचं मनावर घेऊ नका सर. तसं काय नाय. मी तुमच्या घरी साठ वरसं आलो, पन अंगनाच्या पुढं कदी बसलो नाय. आज एकदम शेजारी बसलो, म्हनून धडधडलं आसंल. सवय नाय त्याची. बाकी काय नाय.”

ते माफी मागत होते. मनापासून. माझ्या बोलण्याने जे झालं नव्हतं ते त्यांच्या माफीने झालं. पहिल्या रांगेतल्या दोघा-तिघांनी खाली बघितलं. एक क्षणभर मला वाटलं, आता यांना लाज वाटेल.

सरांनी बाबांना मिठी मारली. “किती निर्मळ माणूस,” ते माइकमध्ये म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरोखरच भरून आले. “यालाच म्हणतात कोकणची माती.” हॉलने टाळ्या वाजवल्या. आधीपेक्षा जोरात. कुणीतरी फोटो काढला. एका बाईने डोळ्यांना रुमाल लावला. माणूस तुमच्यासमोर बसून सांगतोय की तुम्ही मला अंगणाच्या पुढे येऊ दिलं नाही, आणि तुम्ही त्याच्या निर्मळपणाला टाळ्या वाजवता. या लोकांना लाजवणं शक्य नाही. लाज दिली तरी ती कौतुकात बदलून खिशात घालतात.

मी मंचामागच्या खोलीत मशीन आवरत होते, तेव्हा वत्सलाकाकू आत आल्या. दार लोटून घेतलं.

“माझं बघतेस?” त्या म्हणाल्या.

एकशे अठ्ठ्याहत्तर, अठ्ठ्याण्णव.

“गोळी चालू आहे का?”

“बारा वर्षं झाली. पिठाच्या डब्यात ठेवते. त्यांना माहीत नाही.” त्यांनी बाही खाली ओढली. “घरात कुणाला आजार नाही असं ते सगळीकडे सांगतात ना. मग माझा कसा सांगायचा? आणि ते कधी रागावत नाहीत, हे खरंय. त्यांना रागवायची वेळच येऊ नये म्हणून मी पहाटे चारपासून उभी असते.”

मी म्हटलं, “काकू, डॉक्टरांना दाखवा. गोळी बदलावी लागेल.”

“बघते,” त्या म्हणाल्या आणि बाहेर जाऊन परत पहिल्या रांगेत बसल्या. मला त्यांची कीव आली आणि थोडा रागही आला. मंचावरचे एकशे सव्वीस त्यांनीही बारा वर्षं पोसले होते.

 घर आल्यावर रिक्षातून उतरताना बाबा म्हणाले, “तितं बोलायची काय गरज व्हती? एक दिवस बसलो व्हतो. तेवढा तरी बसू द्यायचास.”

मी दोन महिने त्या वाक्यामुळे झोपले नाही असं म्हटलं तर खोटं होईल, पण पुष्कळ रात्री आठवलं. सरांना खाली पाडायला मीही बाबांच्याच दंडाचा आकडा वापरला होता. विचारलं नव्हतं.

मार्चमध्ये पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. सरांनी एक प्रत घरी पाठवली. त्यात मंचावरचा मिठीचा फोटो आणि चार पानांचं नवं प्रकरण होतं. मी रविवारी गेले तेव्हा बाबांनी ते वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. ‘काळूच्या भोळ्या शब्दांनी सभागृह गहिवरले. व्यसनांनी पोखरलेल्या त्या देहात किती स्वच्छ मन होते.’

“होते?” बाबा म्हणाले. “मी मेलो का काय?”

आई हसली. बाबा हसले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, “अंगनाचं मी बोललो ते लिवलंय?”

“नाय.”

“आकडे?”

“तुमचा मंचावरचा लिहिलाय. सकाळचा नाय.”

 बाबांनी पुस्तक माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवलं. “विशालचं मोजलंस कदी?” त्यांनी विचारलं.

मोजलं नव्हतं. विशाल अडतीस वर्षांचा, माझ्याच कंपनीत कंत्राटावर. महिन्यातले दोन आठवडे रात्रपाळी, आणि पुढच्या पाळीचा माणूस आला नाही की त्याचीही पाळी करायची. आमच्याकडे कायम कामगारांची टोपी निळी आणि कंत्राटी लोकांची पिवळी. मला माणसाची टोपी दाखवा, मी प्रेशरचा अंदाज सांगते, आणि पाचातले चार बरोबर येतात. तरीही सख्ख्या भावाला मी पट्टा बांधला नव्हता, कारण जास्त निघालं तर फॉर्मवर ‘अनफिट’ लिहावं लागतं आणि कंत्राटदार दुसऱ्या दिवशी गेट पास काढून घेतो. विशाल टाळत होता आणि मी त्याला टाळू देत होते. सरांचा तिरस्कार करणं त्यापेक्षा खूप सोपं होतं.

बाबांनी त्याला हाक मारली. “बस इतं. हात दे तिला.”

“मला काय नाय झालं.”

“मलापन काय नाय झालं व्हतं. पडेपर्यंत.”

एकशे चौसष्ट, एकशे सहा. विशालने आकडा बघितला आणि म्हणाला, “ताई, लिहू नको.”

मी कंपनीच्या फॉर्मवर लिहिलं नाही. रोह्यात एका डॉक्टरांकडे नेलं, गोळी सुरू केली आणि ‘रात्रपाळी देऊ नये’ अशी चिठ्ठी घेतली. ती घेऊन आमच्या एचआरच्या हर्षदकडे गेले. तो तिशीतला, गोरा, हसतमुख, टेबलावर हिरवं रोप ठेवणारा.

“मॅडम, कंत्राटी माणसाची शिफ्ट आम्ही ठरवत नाही,” तो म्हणाला. “पण आपण केअर करतो. शुक्रवारी पुण्याहून एक ट्रेनर येतायत, ताणमुक्तीवर. त्याला पाठवा ना.”

“तो रात्रपाळीवरून सकाळी सातला सुटतो.”

“सेशन आठलाच आहे. बरंच झालं.”

विशाल गेला, कारण हजेरी लागणार होती. मी मागे उभी होते. कॅन्टीनमध्ये चाळीस पिवळ्या टोप्या सतरंजीवर बसल्या होत्या. ट्रेनरने डोळे मिटायला सांगितलं, समुद्रकिनारा डोळ्यांपुढे आणायला सांगितलं, खोल श्वास घ्यायला सांगितलं. बाहेर प्लँटचा वास येत होता, तो सगळ्यांनी खोलवर घेतला. दुसऱ्या मिनिटाला विशालची मान खाली पडली. तो घोरू लागला.

“बघा,” ट्रेनर हळू आवाजात म्हणाला, “यांनी किती पटकन ताण सोडला.”

हर्षदने फोटो काढला. तो आता नोटीस बोर्डवर आहे.

त्यानंतर मी तीन वेळा वर, प्लँट मॅनेजरकडे गेले. दोनदा भेट दिली नाही, तिसऱ्यांदा मी सांगितलं की भाऊ मशीनपाशी कोसळला तर ही चिठ्ठी कुणाकुणाला दिली होती ते मी तारखांसकट लिहून ठेवलंय. तेव्हा कंत्राटदाराला फोन गेला. विशालची रात्रपाळी दोन आठवड्यांवरून एका आठवड्यावर आली. बंद झाली नाही. बाकीच्या एकोणचाळीस जणांची तर तेवढीही कमी झाली नाही, आणि त्यांच्यासाठी मी वर गेलेले नाही, अजून तरी.

परवाच्या रविवारी विशालचं एकशे अठ्ठेचाळीस भरलं. पहाटे तो कामाला निघतो तेव्हा बाबा दाराशी गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभे असतात, असं आई सांगते. तो घाईत असला तरी गिळल्याशिवाय त्याला उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाहीत.